आरी ओढतानाचा फोटो

गोष्ट एवढीशीच आहे. कोल्हापूरच्या सुभाषनगरातल्या एका चप्पल कारागिरांचा काम करतानाचा फोटो एका हौशी फोटोग्राफरनं काढला होता आणि कबूल केल्याप्रमाणे १६ बाय २० इंचांचा प्रिंट घेऊन तो द्यायला आला होता. मीडियम फॉरमॅट, म्हणजे नेहमीपेक्षा मोठ्या सेन्सरचा कॅमेरा, खाली ट्रायपॉड, पूर्वेच्या खिडकीतून येणारा सकाळचा उजेड. प्रिंट सुरेख होता. चामडं कापायच्या रापीच्या पात्यावर उजेडाची बारीक रेघ होती, बोटांच्या भेगांत मुरलेला रंग दिसत होता, पाण्यात भिजवून काढलेल्या चामड्याचा ओला भाग आणि सुकत आलेला भाग वेगळे ओळखू येत होते. कारागिरांनी कपाळावरचा चष्मा खाली घेतला, प्रिंट दाराच्या उजेडाकडं धरला आणि बराच वेळ काहीच बोलले नाहीत. मग चपलेच्या वेणीच्या शेजारी एका जागी नख टेकवून म्हणाले, "हितं टाका सुटलाय बघा, सायेब." खरंच सुटला होता. तो जोड केव्हाच विकला गेला होता आणि करताना तो टाका त्यांच्याही नजरेतून निसटला होता. त्यांनी प्रिंट पुन्हा एकदा निरखला आणि विचारलं, "आन आरी वडतानाचा न्हाई काय काढला?"

आरी ओढतानाचा फोटो नव्हता.

कारागिरांच्या या दोन वाक्यांत रोजच्या फोटोग्राफीचं सगळं भांडण आहे, असं तेव्हापासून वाटत राहिलं आहे. एका बाजूला सुटलेला टाकासुद्धा दाखवणारा मोठा सेन्सर, दुसऱ्या बाजूला भोक पाडायची टोकदार आरी चामड्यातून आरपार जाते आणि चामड्याची वादी ओढताना खांद्यापासून मनगटापर्यंत सगळा हात ताणला जातो तो क्षण. मीडियम फॉरमॅट डिजिटल घ्यावा की खिशात किंवा खांद्यावर सहज मावणारा रेंजफाइंडर, म्हणजे काचेच्या खिडकीतून बघत, तिच्या मधल्या पॅचमधल्या दोन प्रतिमा हातानं जुळवून फोकस करायचा कॅमेरा, हा प्रश्न कोल्हापुरात कॅमेऱ्यावर जीव असलेल्या माणसांच्या गप्पांत हमखास निघतो. त्यात बहुतेक वेळा मेगापिक्सेल मोजले जातात. मेगापिक्सेलवर हा प्रश्न सुटत नाही, आणि का सुटत नाही ते आकड्यांतच दिसतं.

फुजीफिल्मच्या जीएफएक्स १०० मालिकेचा किंवा हॅसलब्लाड एक्स२डीचा सेन्सर साधारण ४३.८ बाय ३२.९ मिलिमीटरचा. लायका एम११ या रेंजफाइंडरचा ३६ बाय २४ चा. क्षेत्रफळाचा हिशेब केला तर मोठा सेन्सर लहानाच्या सुमारे १.६७ पट भरतो. पण पिक्सेलचा आकार दोन्हींत एकच आहे, ३.७६ मायक्रॉन. जीएफएक्समध्ये असे १० कोटी २० लाख पिक्सेल मावतात, एम११ मध्ये ६ कोटी. आडव्या बाजूनं बघा: एकात ११,६४८ पिक्सेल, दुसऱ्यात सुमारे ९,५००. म्हणजे लांबीच्या मापात फरक वीस-बावीस टक्क्यांचा. चप्पलेचा तो टाका एम११ मध्येही दिसला असता. शंभर मेगापिक्सेल हा आकडा ऐकताना जो दबदबा वाटतो, तो प्रिंटवर तेवढा उतरत नाही. भरपूर उजेडात, सगळ्यात कमी आयएसओवर (सेन्सरच्या संवेदनशीलतेचा आकडा), १.६७ पट क्षेत्रफळाचा फायदा पाऊण स्टॉपच्या आसपास असतो; एक स्टॉप म्हणजे दुप्पट उजेड. पाऊण स्टॉप खरा आहे. करवीर नगरीतल्या काळ्या दगडी भिंतीवर दुपारचं ऊन आणि कमानीखालची सावली एकाच फ्रेममध्ये घेतली, तर सावलीतल्या दगडाचा पोत उचलताना तो पाऊण स्टॉप स्वच्छ जाणवतो. पण त्याला चमत्कार म्हणता येत नाही.

मग सुभाषनगरातला टाका कुणी दाखवला? माझं उत्तर असं की तो ट्रायपॉडनं दाखवला, एफ/८ नं, म्हणजे लेन्सच्या बारीक केलेल्या छिद्रानं (अपर्चरनं) दाखवला, आणि कॅमेरा जड असल्यामुळे फोटोग्राफरला ज्या संथपणे काम करावं लागलं त्या संथपणानं दाखवला. मीडियम फॉरमॅट माणसाला थांबवतो. जीएफएक्स १००एसची बॉडी ९०० ग्रॅम, त्यावर ६३ मिलिमीटर एफ/२.८ ही या मालिकेतली हलकीच म्हणावी अशी लेन्स ४०५ ग्रॅम, म्हणजे गळ्यात १.३ किलो. एवढं वजन घेऊन माणूस जागा निवडतो, ट्रायपॉड लावतो, खिडकीचा उजेड कुठं पडतोय ते बघतो, कडांवरचा पसारा हलवतो. समोरचा माणूसही सदरा सारखा करतो, ताठ बसतो, हात जिथल्या तिथं ठेवतो. या सगळ्यात काही खोटं नाही. पूर्वी स्टुडिओत पडद्यापुढं लोक असेच बसत आणि ते फोटो आजही घराघरांत मानानं टांगलेले आहेत. फक्त अशा वेळी आरी ओढली जात नाही.

हात हलता असेल तर मोठ्या सेन्सरचं काय होतं, हेही मोजता येतं. दीड मीटरवर बसलेला कारागीर, ६३ ची लेन्स, शटर १/१२५ सेकंद. वादी ओढणारा हात सेकंदाला एक मीटर वेगानं जातो असं धरलं, तर तेवढ्या वेळात तो ८ मिलिमीटर सरकतो. सेन्सरवर ते सरकणं नव्वदेक पिक्सेलांवर पसरतं. शटर १/५०० केलं तरी वीस-बावीस पिक्सेल उरतातच. बॉडीतलं स्टॅबिलायझेशन इथं कामाचं नाही, कारण ते आपला हात सावरतं, समोरच्याचा नाही. तीच चौकट, तेच शटर ठेवून एम११ नं फोटो काढला तर प्रिंटवरचा पुसटपणा तेवढाच असतो, एक केसभरही कमी नाही. पण इतके पैसे देऊन घेतलेले जादा पिक्सेल त्या पुसट पट्ट्यात विरून गेलेले असतात. हलत्या आयुष्यात शंभर मेगापिक्सेल हातात येतच नाहीत, हे जितकं लवकर पटेल तितकं बरं.

आणि शटर वेगवान करायचं तर उजेड हवा. गंगावेशीतली किंवा मोतीबागेतली तालीम डोळ्यांपुढं आणा. वरच्या झरोक्यांतून येणारा उजेड, तेल, हळद, ताक घालून मळलेली तांबूस माती, अंगाला तीच माती लागलेले पैलवान. अशा जागी एफ/२ ला १/२५० मिळवायचं तर आयएसओ ३२०० च्या घरात जावं लागतं. रेंजफाइंडरवर ३५ मिलिमीटरची एफ/१.४ लेन्स असेल तर तेच काम १६०० वर होतं. जीएफएक्सवर ६३ ची एफ/२.८ लेन्स लावली तर ६४०० करावं लागतं. मोठ्या सेन्सरचा पाऊण स्टॉप त्यातून वजा केला तरी हिशेब लहान कॅमेऱ्याच्या बाजूनं झुकतो. "मोठा सेन्सर म्हणजे अंधारात चांगला" हे वाक्य लेन्सचं अपर्चर सांगितल्याशिवाय अर्धवटच राहतं. फुजीच्या एफ/१.७ च्या ५५ आणि ८० मिलिमीटर लेन्स आहेत, त्या ही तूट भरून काढतात. पण ८० ची लेन्स एकटीच ८०० ग्रॅमच्या आसपास भरते, आणि तिच्यातली जड काच पुढंमागं हलवून फोकस लागेपर्यंत पैलवान ढाकेचा डाव मारून मोकळा झालेला असतो. जुन्या जीएफएक्स ५०आर सारख्या बॉडीत फोकस फक्त कॉन्ट्रास्टवर चालतो, म्हणजे चित्र सगळ्यात रेखीव कुठं दिसतं ते चाचपडत शोधतो, त्यामुळे अंधूक उजेडात लेन्स पुढं जाते, मागं येते, पुन्हा पुढं जाते. नव्या बॉडींत फोकसची दिशा आधीच ओळखणारं फेज डिटेक्शन आल्यावर हे खूप सुधारलं. तरी तालमीसाठी मी तो कॅमेरा सुचवणार नाही.

रेंजफाइंडरची गोष्ट वेगळ्या ठिकाणी सुरू होते. त्याचं बहुतेक काम कॅमेरा डोळ्याला लावायच्या आधी होतं. महाद्वार रोडवर सकाळी दुकानांच्या फळ्या निघत असतात, ओट्या आणि वेण्या मांडल्या जात असतात. तिथं ३५ ची लेन्स एफ/८ वर, फोकस ३ मीटरवर, शटर १/२५०, सावलीत आयएसओ ४०० ते ८००. एवढं लावून ठेवलं की सुमारे १.९ मीटरपासून ७.२ मीटरपर्यंत सगळं नेहमीच्या प्रिंटला पुरेसं रेखीव येतं. आता फोकस करायचा नसतो, फक्त माणूस त्या पट्ट्यात आला की बटण दाबायचं. २८ ची लेन्स असेल तर त्याच एफ/८ ला फोकस ३.३ मीटरवर ठेवा, १.६५ मीटरपासून पार क्षितिजापर्यंतचा प्रश्न मिटतो. हे अंतर नजरेत बसवण्यासाठी आपली पावलं मोजून बघणं हा सगळ्यात सोपा उपाय. साधं पाऊल ७५ सेंटिमीटरचं असेल तर चार पावलं म्हणजे तीन मीटर. आधी नजरेनं अंदाज करायचा, मग फाइंडरमधल्या पॅचनं तपासायचं, लेन्सच्या खालचा, फोकस फिरवायचा टॅब बोटाला कुठं लागतो ते लक्षात ठेवायचं. काही आठवड्यांत बोट आधी जागेवर जातं आणि डोळा मागून पोहोचतो.

इथं एक खोच आहे आणि ती नव्या रेंजफाइंडरवाल्यांना फार छळते. लेन्सवर कोरलेली डेप्थची पट्टी, म्हणजे कुठल्या अपर्चरला किती अंतरापर्यंत रेखीव येईल ते सांगणाऱ्या खुणा, फिल्मच्या काळातल्या मापावर बेतलेली आहे. साठ मेगापिक्सेलची फाइल स्क्रीनवर शंभर टक्के मोठी करून बघितली तर १.९ ते ७.२ मीटरचा तो ऐसपैस पट्टा आक्रसून २.६ ते ३.५ मीटरवर येतो. जीएफएक्सवर त्याच कोनाची ४५ ची लेन्स त्याच एफ/८ ला लावली तर तो आणखी लहान होतो, २.७५ ते ३.३. जेमतेम अर्धा मीटर! म्हणून मोठा प्रिंट डोक्यात असेल तर पट्टी दोन स्टॉप कडक वाचावी: अपर्चर एफ/८ असेल तर खुणा एफ/४ च्या धराव्यात. आणि पोस्टकार्ड किंवा ८ बाय १२ च करायचे असतील तर शंभर टक्के मोठं करून बघायची सवयच सोडावी. कितीतरी चांगले, जिवंत फोटो या तपासणीत उगाच बाद झालेले आहेत.

रेंजफाइंडरच्या खिडकीबद्दल फार काव्य लिहिलं गेलं आहे, पण तिचा खरा उपयोग साधा आहे. चौकटीच्या बाहेर काय आहे ते दिसतं. बिंदू चौकात डावीकडून येणारी हातगाडी फ्रेममध्ये शिरायच्या आधीच कळते. शटर पडतानाही खिडकी काळी होत नाही, त्यामुळे माणसाचे डोळे मिटले होते की उघडे ते तिथल्या तिथं समजतं. याची किंमतही आहे. चौकटीच्या रेषा जवळपास दोन मीटरच्या अंतराला बरोबर असतात. दूरच्या विषयात रेषेपेक्षा जास्त भाग येतो, अगदी जवळच्यात कमी. चष्मा असेल तर २८ च्या रेषांच्या कडा एका नजरेत दिसत नाहीत, डोळा इकडंतिकडं फिरवावा लागतो. खिडकीतून फोकस सत्तर सेंटिमीटरपर्यंतच करता येतो, त्यामुळे गुजरीतल्या, म्हणजे सराफ गल्लीतल्या कारागिराच्या चिमट्यात धरलेला साजाचा मणी हा तिचा विषय नव्हे. तिथं मीडियम फॉरमॅट, मॅक्रो लेन्स, एफ/११ आणि फोकस टप्प्याटप्प्यानं सरकवत काढलेले अनेक फोटो एकत्र जोडणं, हाच मार्ग. एफ/११ च्या पुढं मात्र जाऊ नये, ३.७६ मायक्रॉनच्या पिक्सेलवर डिफ्रॅक्शननं, म्हणजे बारीक छिद्रातून जाताना उजेड पसरल्यानं, धार बोथट व्हायला लागते.

महाद्वार रोडचा संध्याकाळचा उजेड हा आणखी एक धडा आहे. अंबाबाईचं देऊळ पश्चिमाभिमुख. किरणोत्सवाच्या दिवसांत, नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात आणि जानेवारी सरता सरता, मावळतीचे किरण महाद्वारातून थेट आत शिरतात. म्हणजे रस्त्यावर उभं राहून पश्चिमेला बघणाऱ्याच्या डोळ्यात आणि रेंजफाइंडरच्या खिडकीतही सूर्य सरळ येतो. अशा वेळी मधला पॅच पांढुरका पडतो आणि दोन प्रतिमा जुळल्या की नाही ते कळत नाही. कॅमेरा किंचित खाली झुकवून किंवा कपाळाजवळ हाताची सावली धरून पॅच परत मिळवता येतो. नाहीतर अंतर आधीच लावून ठेवायचं. हायलाइट धरून एक्स्पोजर करायचं आणि माणसांच्या चेहऱ्यावरची सावली नंतर उचलायची, हे काम मात्र मीडियम फॉरमॅटची फाइल जास्त देखणं करते. त्या वेळचा केशरी धुरकट उजेड, पूजासाहित्याच्या दुकानांतल्या कापराचा वास, आणि खांद्याला खांदा लावून चाललेली गर्दी. या गर्दीत ट्रायपॉड मात्र उभा राहत नाही.

खरी कॉर्नरला कलामहर्षी बाबूराव पेंटरांनी घडवलेल्या कॅमेऱ्याची आठवण म्हणून स्तंभ उभा आहे. यंत्र उघडून बघण्याची, ते आपल्या हातानं करून बघण्याची या गावाची खोड तेव्हापासूनची आहे, आणि उद्यमनगरात लेथवर उभ्या असलेल्या माणसाला रेंजफाइंडरचं पोट समजावून सांगावं लागत नाही. लेन्सच्या मागच्या कडेवर एक चढउताराची रिंग, तिच्यावर टेकलेला बॉडीतला एक छोटा रोलर, रोलरच्या हालचालीनं फिरणारा आरसा किंवा प्रिझम. लायकानं १९५४ मध्ये एम३ काढला तेव्हाचीच ही रचना आजच्या एम११ मध्येही आहे. एफ/१.४ ला सेन्सरच्या जागी मोकळीक असते ती एकेका बाजूला ०.०४ मिलिमीटरची, तीही जुन्या, सैल मापानं. हे सगळं जुळून चालतं याचंच मला मोठं कौतुक वाटतं. आणि म्हणूनच ते बिघडतंही.

स्कूटरच्या डिकीत ठेवलेला रेंजफाइंडर खड्ड्यांतून आठवडाभर फिरला की जुळणी हलू शकते. ओळखायची पद्धत सोपी आहे. रंकाळ्याच्या काठावर उभं राहून लांबचा, एक किलोमीटरच्या पलीकडचा मोबाइल टॉवर धरायचा, लेन्स अनंतावर टेकेपर्यंत फिरवायची आणि पॅचमध्ये टॉवरच्या दोन प्रतिमा एकावर एक बसतात का ते पाहायचं. आडव्या दिशेनं अंतर राहत असेल तर फोकस चुकणार. एक प्रतिमा वर आणि एक खाली असेल तर फोकस फारसा चुकत नाही, पण डोळा शिणतो आणि जुळल्याची खात्री होत नाही. मग जवळची तपासणी: ट्रायपॉडवर कॅमेरा, एक मीटरवर तिरकी ठेवलेली मोजपट्टी, अपर्चर पूर्ण उघडं, ठरलेल्या आकड्यावर फोकस, आणि फाइलमध्ये कुठला आकडा धारदार आलाय ते बघायचं. अनंत बिघडलं असेल तर रोलरजवळच्या स्क्रूनं सारखं करता येतं, हात स्थिर असलेली माणसं ते करतात. अनंत बरोबर आणि जवळचं चुकतंय असं असेल तर मात्र स्क्रू ड्रायव्हर खाली ठेवावा. तिथं दांड्याची लांबी बदलावी लागते आणि ते काम जाणत्या दुरुस्तीवाल्याचं आहे. एक गोष्ट आधीच तपासून घ्यावी. काही लेन्समध्ये अपर्चर बंद करत गेलं की फोकस स्वतःहून मागं सरकतो. झाइसची ५० मिलिमीटर एफ/१.५ सोनार याच गुणासाठी प्रसिद्ध आहे. तिचा दोष बॉडीच्या माथी मारून जुळणी फिरवली, तर बाकी सगळ्या लेन्स चुकायला लागतात.

मीडियम फॉरमॅटमध्ये असलं यंत्र नाही, फोकस सेन्सरवरच ठरतो, म्हणून ही चिंता नाही. त्याच्या चिंता निराळ्या. आवाज नको म्हणून इलेक्ट्रॉनिक शटर लावलं तर एवढा मोठा सेन्सर वरपासून खालपर्यंत वाचायला बराच वेळ घेतो. फिरता पंखा वाकडा येतो, चालती रिक्षा तिरकी येते, आणि राजारामपुरीतल्या दुकानांच्या एलईडीखाली फोटोवर आडवे पट्टे उमटतात. अशा उजेडात यांत्रिक शटर आणि १/१०० किंवा १/५० हेच धरावं. फाइलचा हिशेबही आधी करावा. दहा कोटी पिक्सेल, १६ बिट, काही न दाबता साठवलं तर एक फोटो दोनशे एमबीच्या वर जातो. तीनशे फोटोंत ६४ जीबीचं कार्ड भरतं. लॉसलेस कॉम्प्रेशन लावावं, चित्रात काही कमी होत नाही. तरीही रोज फोटो काढणाऱ्या माणसाचा लॅपटॉप, हार्ड डिस्क आणि रात्रीची झोप या सगळ्यांवर त्याचा भार पडतोच. न निवडलेल्या फोटोंचे ढीग साचत जातात, आणि साचलेले फोटो कुणी बघत नाही.

या दोन टोकांच्या मधे बसणारे कॅमेरेही आहेत, आणि रोजच्या वापराचा विचार करताना मला तेच जास्त ओढून घेतात. फुजीचा एक्स१००व्हीआय हा खऱ्या अर्थानं रेंजफाइंडर नाही. त्यात दोन प्रतिमा जुळवायच्या नसतात, पण कोपऱ्यातली काचेची खिडकी आहे, ३५ च्या कोनाची एफ/२ लेन्स आहे, स्टॅबिलायझेशन आहे, आणि वजन ५२१ ग्रॅम. २०२५ मध्ये आलेला जीएफएक्स १००आरएफ त्याचाच थोरला भाऊ: शंभर मेगापिक्सेलचा मोठा सेन्सर, २८ च्या कोनाची न निघणारी एफ/४ लेन्स, ७३५ ग्रॅम, स्टॅबिलायझेशन नाही. दोघांची तुलना करताना एक सुंदर हिशेब निघतो. थोरल्याचा सेन्सर धाकट्याच्या जवळपास चौपट, म्हणजे दोन स्टॉप. धाकट्याची लेन्स थोरल्यापेक्षा दोन स्टॉप उजळ. म्हणजे एकाच शटरला दोघं सारखाच उजेड गोळा करतात! वर धाकट्याला स्टॅबिलायझेशनची साथ. म्हणजे संध्याकाळी सात वाजता गंगावेशीतल्या दूध कट्ट्यावर, म्हशीच्या धारेचा फेस ग्लासातून वर येत असताना, स्वस्त आणि हलका कॅमेरा मागं पडत नाही. सकाळच्या उन्हात पंचगंगेच्या घाटावर, लहान-मोठ्या देवळांच्या शिखरांची रांग घेताना, थोरला स्पष्ट पुढं जातो.

पाऊस आणि गुलाल यांचा विचार कोल्हापुरात राहून टाळता येत नाही. जोतिबाच्या चैत्र यात्रेत गुलाल हवेतच तरंगत असतो. तिथं लेन्स बदलायची म्हणजे सेन्सर गुलाबी करून घ्यायचा. एकच लेन्स लावून जावं, जोडाच्या जागी चिकटपट्टी मारावी, परत आल्यावर आधी ब्लोअरनं धूळ उडवावी आणि मगच कापड लावावं, नाहीतर गुलालाचा कण काचेवर ओरखडा काढतो. एक्स१००व्हीआय आणि १००आरएफ यांचं हवामानापासूनचं संरक्षण पुढं अ‍ॅडाप्टर रिंग आणि फिल्टर लावल्यावरच पूर्ण होतं, ते न लावता पावसात काढू नये. एम११ वर धुवाधार पावसाचा भरवसा ठेवू नये. जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत खरा धोका असतो तो बुरशीचा. चामड्याच्या केसमध्ये कॅमेरा बंद करून कपाटात ठेवणं म्हणजे बुरशीला घर बांधून देणं. केस वेगळी, कॅमेरा वेगळा. ड्राय कॅबिनेट परवडत नसेल तर पापड-कुरडयांचा हवाबंद डबा, आत सिलिका जेल आणि छोटं आर्द्रतामापक, काटा ४० ते ५० टक्क्यांत. जेलचा रंग बदलला की तव्यावर मंद आचेवर परतून पुन्हा वापरता येतं. आणि सगळ्यात चांगलं म्हणजे कॅमेरा वापरत राहावा, उजेडात फिरणाऱ्या लेन्सला बुरशी सहसा धरत नाही.

सुभाषनगरातल्या प्रश्नाला माझं उत्तर एवढंच आहे की कारागिरांनी मागितलेला फोटो लहान कॅमेऱ्याचा आहे आणि त्यांनी बघितलेला फोटो मोठ्याचा. आरी ओढतानाचा फोटो दुसऱ्या कुणी त्यांच्या शेजारी तासभर बसून, कॅमेरा मांडीवर ठेवून, फोकस दीड मीटरवर लावून काढू शकतो. त्यात टाके कदाचित दिसणार नाहीत. रोज बाहेर पडताना खांद्याला एकच काही अडकवायचं असेल, तर मी बिनदिक्कत लहान कॅमेऱ्याच्या बाजूनं आहे. पण रापी, आरी, कातडं भिजवायची कुंडी, कडांवर झिजलेला पाट, गुजरीतल्या ठोकणीच्या खुणा, तालमीच्या भिंतीवरचे जुने फोटो, या जागच्या न हलणाऱ्या, पण काळाबरोबर झपाट्यानं बदलत चाललेल्या गोष्टींची नीट नोंद करायची असेल, तर मोठा सेन्सर आणि ट्रायपॉड यांना पर्याय नाही, आणि त्यासाठी तो विकतच घ्यायला हवा असंही नाही. दोन दिवस भाड्यानं आणून, यादी करून, एका घरात एक सकाळ याप्रमाणे काम केलं तर वर्षभराच्या हौसेपेक्षा जास्त हाती लागतं.

लाखांतला निर्णय घेण्याआधी एक चाचणी करावी. दोन्ही प्रकारचे कॅमेरे एकाच दिवशी हातात घ्यावेत, एकाच गल्लीत फिरावं, आणि फाइल स्क्रीनवर न बघता एकाच लॅबमधून १२ बाय १८ चे प्रिंट करावेत. ३०० डीपीआयला या मापासाठी लागतात १ कोटी ९४ लाख पिक्सेल, म्हणजे दोन्ही कॅमेऱ्यांकडं गरजेपेक्षा कितीतरी जास्त आहेत. शंभर मेगापिक्सेलची फाइल त्याच डीपीआयला जवळजवळ ३९ बाय २९ इंच जाते, आणि तेवढी भिंत घरात आहे का हेही त्याच वेळी बघून घ्यावं. जीएफएक्सची चौकट ४:३ ची असल्यामुळे १२ बाय १८ करताना वरखालचा मिळून ११ टक्के भाग कापला जाईल, तो लॅबवर न सोडता आपणच ठरवावा. दोन्हींचे दहा-दहा प्रिंट जमिनीवर पसरून, कुठला कुठल्या कॅमेऱ्याचा हे मागं पेन्सिलीनं लिहून ठेवून, फोटोग्राफीशी संबंध नसलेल्या घरातल्या माणसाला त्यातले पाच निवडायला सांगावं.